निवृत्त आइस हॉकीपटूंची कामगिरी: मोठा कोण आणि ते कशावरून?

बर्फवेडा (धागाकर्ता)

६ एप्रिल २०२५ रोजी ॲलेक्स ओव्हेच्किनने कारकिर्दीतला ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. पुण्यात आइस हॉकी बघणारे आम्ही मोजकेच. पण तेव्हापासून आमच्या गटात वाद पेटलाय: आता ग्रेट्स्की दोन नंबरला गेला का? मला हे अजिबात मान्य नाही, आणि का ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय. ओव्हेच्किनचा विषय इथे नको. ज्यांनी स्टिक खाली ठेवली, ज्यांचे आकडे आता बदलणार नाहीत, त्यांच्याबद्दल बोलू.

खेळ नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. बर्फावर प्रत्येक संघाचे एका वेळी सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. गोल करणाऱ्याला एक गुण, आणि गोलच्या लगेच आधी पक ज्यांच्या स्टिकवरून आला अशा जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा प्रत्येकी एक गुण. उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही सर्वात मोठी लीग, १९१७ सालची. हंगामात संघाचे ऐंशीच्या आसपास सामने, मग बाद फेरी, आणि जिंकेल त्याला स्टॅन्ली चषक.

ग्रेट्स्की एनएचएलमध्ये १९७९ ते १९९९ खेळला. १४८७ सामने, ८९४ गोल, १९६३ असिस्ट, एकूण २८५७ गुण. गुणांच्या यादीत त्याच्या मागे यारोमिर यागर, १९२१ वर. म्हणजे ग्रेट्स्कीचे सगळे गोल पुसून टाकले तरी नुसत्या असिस्टच्या जोरावर तो पहिलाच राहतो. म्हणूनच फक्त गोलांच्या विक्रमावरून त्याला खाली ढकलणं मला पटत नाही. तो मुळात गोल करून देणारा माणूस होता.

त्याचे जुने सामने बघितलेत तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. तो पक घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळीच्या मागे जाऊन उभा राहायचा. आइस हॉकीत जाळीच्या मागेही खेळायला जागा असते. तिथे तो उभा राहिला की गोलरक्षकाला त्याच्याकडे बघायला मान वळवावी लागे, आणि मान वळली की समोरून येणारा त्याचा साथीदार दिसेनासा होई. बचावपटू जाळीला डावीकडून वळसा घालून आला की हा उजवीकडून बाहेर. अंगाने किरकोळ, वेगातही फार पुढे नाही, पण पुढच्या दोन सेकंदांत पक कुठे असेल ते त्याला आधी दिसायचं.

एडमंटन ऑइलर्सकडून चार स्टॅन्ली चषक (१९८४, ८५, ८७, ८८), सर्वात मोलाच्या खेळाडूचा हार्ट पुरस्कार नऊ वेळा, त्यातले आठ सलग. निवृत्तीनंतर त्याचा ९९ क्रमांक सगळ्या लीगमधूनच काढून घेतला. कुठल्याही संघात आता तो कुणालाही मिळत नाही.

तुमच्या मते कोणत्या निवृत्त खेळाडूची कामगिरी सर्वात मोठी? नाव लिहाच, पण 'का' तेही लिहा.

सांख्यिकी

धागा आवडला. पण आकडे टाकताना काळ बघायलाच हवा. १९८१-८२ च्या हंगामात ग्रेट्स्कीने ९२ गोल केले, हा आजही एका हंगामातला विक्रम आहे. त्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी ८ गोल होत होते. १९९७-९८ पर्यंत ही सरासरी सव्वापाचच्या आसपास आली. गोलरक्षकांचे पॅड मोठे झाले, गुडघे बर्फाला टेकवून खालची सगळी जाळी झाकायचं तंत्र रूढ झालं, मधल्या पट्ट्यात सापळा लावून समोरच्याचा वेग मारायची पद्धत आली. ऐंशीच्या दशकातला गोल आणि नव्वदच्या शेवटातला गोल एकाच भावाने मोजता येत नाहीत.

माझं मत डॉमिनिक हाशेकला. चेक गोलरक्षक, बफेलो सेबर्सकडून गाजलेला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना पुरस्कार सहा वेळा. १९९७ आणि १९९८ असा लागोपाठ दोनदा हार्ट. हार्ट दोनदा मिळवणारा तो एकमेव गोलरक्षक आहे. १९९८-९९ च्या हंगामात त्याने जाळीवर आलेल्या फटक्यांपैकी ९३.७ टक्के अडवले.

आणि नागानो १९९८. एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आलेले. उपांत्य फेरीत कॅनडा विरुद्ध चेक प्रजासत्ताक, १-१, मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर येऊन फटका घ्यायचा. फ्लुरी, बोर्क, न्यूवेन्डाइक, लिंड्रोस, शानाहान असे पाच जण आले आणि हाशेकने पाचही अडवले. ग्रेट्स्की त्या वेळी कॅनडाच्या बाकावर बसून होता, त्याला फटका घ्यायला पाठवलंच नाही. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध १-०. हाशेकने गोल दिलाच नाही. सुवर्णपदक.

बर्फवेडा

सांख्यिकी, काळाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी ग्रेट्स्कीची तुलना त्याच्याच काळातल्या लोकांशी करतो. १९८१-८२ ला त्याचे २१२ गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक बॉसीचे १४७. १९८३-८४ ला याचे २०५, दुसरा पॉल कॉफी १२६, आणि तोही याच्याच संघातला. १९८५-८६ ला याचे २१५, दुसरा मारियो लेम्यू १४१. लीग तीच, पॅड तेच, गोलरक्षक तेच. मग दुसऱ्याला पासष्ट ते एकोणऐंशी गुण कमी का? गोल स्वस्त होते म्हणावं तर ते सगळ्यांनाच स्वस्त होते. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची ९९.९४ सरासरी आपण जशी बघतो, तशीच ही दरी बघायला हवी.

आणखी एक. १९७९-८० या त्याच्या पहिल्या एनएचएल हंगामात त्याचे आणि मार्सेल डिऑनचे गुण सारखे होते, १३७. पण डिऑनचे गोल ५३, ग्रेट्स्कीचे ५१, म्हणून सर्वाधिक गुणांचा पुरस्कार डिऑनला गेला. आधीचं वर्ष ग्रेट्स्की डब्ल्यूएचए या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला, म्हणून त्याला नवोदितही धरलं नाही. तिथले त्याचे ४६ गोल एनएचएलच्या हिशेबात येत नाहीत. हे ४६ आणि ८९४ मिळवले की ९४० होतात. विक्रम मोडला म्हणताना कोणतं खातं उघडून बसलोय हे सांगावं, एवढंच म्हणणं आहे.

हाडवैद्य

दोघांचंही वाचलं. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझं लक्ष गुडघ्यांकडे जाणारच. माझं मत बॉबी ऑरला.

ऑर बचावपटू. बॉस्टन ब्रुइन्सकडून १९६६ पासून खेळला. त्याच्या आधी बचावपटूने मागे थांबायचं, पक बाहेर काढायचा, बस. ऑर पक घेऊन स्वतःच सुटायचा, अख्खं मैदान ओलांडून गोल करायचा आणि तरीही बचावाला वेळेत परत यायचा. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस पुरस्कार सलग आठ वेळा. संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण दोनदा, १९७० आणि १९७५ ला. बचावपटूने हे कधीच केलं नव्हतं आणि त्याच्यानंतरही कुणी केलेलं नाही. १९७०-७१ च्या हंगामात त्याचा प्लस-मायनस +१२४ होता. म्हणजे जास्त खेळाडूंचा फायदा असताना झालेले गोल सोडले, तर तो बर्फावर असेल तेव्हा संघाने केलेले गोल, खाल्लेल्या गोलांपेक्षा इतके जास्त. तोही विक्रम अजून उभा आहे.

आणि हे सगळं फक्त ६५७ सामन्यांत. २७० गोल, ९१५ गुण. तिशीत निवृत्त. डावा गुडघा कामातून गेला होता. गुडघ्यातली कूर्चा फाटली की त्या काळी सांधा उघडून ती बहुतेक पूर्ण काढूनच टाकायचे. दोन हाडांमधली गादीच गेली की पुढे हाड हाडावर घासतं. दुर्बिणीतून फाटलेला तुकडा तेवढा शिवणं किंवा छाटणं ही नंतरची प्रगती. ऑरच्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि प्रत्येक वेळी तो परत बर्फावर उतरला. १९७६ च्या कॅनडा कप स्पर्धेत तो जवळपास एका पायावर खेळला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी रुग्णांचे गुडघे रोज बघतो. तशा सांध्यावर स्केट घालून वेगात वळणं म्हणजे काय वेदना असतील याची मला कल्पना आहे. त्यामुळे ६५७ हा आकडा मला तोकडा वाटत नाही.

चाफेकळी

छान चर्चा चालू आहे. माझी मुलगी रोलर हॉकी खेळते. सहकारनगर, कोथरूड, पिंपरी-चिंचवड, सगळीकडे स्केटिंगच्या वर्गांना मुलींची गर्दी असते, पण इथे अजून एकाही बाईचं नाव आलेलं नाही. बायकांमध्ये कोण?

टोरांटोकर

चाफेकळीताई, हेली विकेनहाइजर. मुलीला हे नाव नक्की सांगा.

कॅनडासाठी चार ऑलिम्पिक सुवर्ण: २००२, २००६, २०१०, २०१४. त्याआधी १९९८ ला नागानोत रौप्य. मध्ये २००० ला सिडनीच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉलही खेळली. देशासाठी २७६ सामने, १६८ गोल, ३७९ गुण. २००३ मध्ये ती फिनलंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली आणि तिथे गोल करणारी पहिली स्त्री ठरली. निवृत्तीनंतर वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाली, शिवाय टोरांटो मेपल लीफ्सच्या व्यवस्थापनातही काम. २०१९ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे आइस हॉकीतल्या महान लोकांच्या गौरवदालनात.

तिच्याही आधी मानोन रेओम. गोलरक्षक. १९९२ मध्ये टॅम्पा बेने तिला हंगामपूर्व सामन्यात एक पिरियड (सामन्याच्या तीन भागांपैकी एक) उतरवलं. एनएचएल संघाकडून खेळणारी ती पहिली स्त्री. एकच पिरियड, पण त्यानंतर कॅनडातल्या किती मुलींनी गोलरक्षकाचे पॅड चढवले असतील.

मी मूळचा नारायण पेठेतला. इथे येऊन बरीच वर्षं झाली. हॉल ऑफ फेम टोरांटोच्या मध्यवस्तीत, बँकेच्या जुन्या दगडी इमारतीत आहे. पुण्याहून कुणी आलं की मी तिथे घेऊन जातो. प्रवेशासाठी १८ जणांची समिती मतदान करते, १४ मतं लागतात. निवृत्तीनंतर तीन वर्षं थांबावं लागतं. पूर्वी असामान्य खेळाडूंना ही अट माफ करत. अशी सूट मिळालेले दहा जण, त्यातला शेवटचा ग्रेट्स्की.

आता माझं मत. रे बोर्क. वरच्या नागानोच्या यादीत त्याचं नाव आलंच आहे. बचावपटूंमध्ये सर्वाधिक गोल (४१०) आणि सर्वाधिक गुण (१५७९) त्याचेच. पण मला दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. ब्रुइन्समध्ये त्याच्या अंगावर ७ क्रमांक होता, जो आधी फिल एस्पोझिटोचा. ३ डिसेंबर १९८७ ला बॉस्टनमध्ये एस्पोझिटोच्या गौरवाचा कार्यक्रम होता. बोर्क त्याच्यापाशी गेला, अंगातली ७ क्रमांकाची जर्सी काढून त्याच्या हातात दिली. आत ७७ क्रमांकाची दुसरी जर्सी घातलेली होती. त्यानंतर तो शेवटपर्यंत ७७ च राहिला.

दुसरा प्रसंग २००१ चा. वीसेक वर्षं बॉस्टनमध्ये काढूनही चषक नाही, म्हणून शेवटी कोलोरॅडोला गेलेला. कोलोरॅडो जिंकली. रिवाज असा की चषक आधी कर्णधार डोक्यावर उचलतो. कर्णधार जो साकिकने चषक हातात घेतला आणि स्वतः न उचलता थेट बोर्ककडे दिला. बाविसाव्या हंगामात पहिला चषक, आणि तिथेच निवृत्ती. तो चषक घेऊन तो बॉस्टनला गेला तर लोक त्याला बघायला लोटले, चषक दुसऱ्या शहराचा असूनही.

सांख्यिकी

टोरांटोकर, हॉल ऑफ फेमबद्दल एक तक्रार मांडतो. अलेक्झांडर मोगिल्नी. १९८९ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेनंतर सोव्हिएत संघ सोडून अमेरिकेत निघून आलेला पोरसवदा खेळाडू. १९९२-९३ ला ७६ गोल. निवृत्ती २००६ ला, हॉल ऑफ फेममध्ये मात्र २०२५ ला. इतकी वर्षं काय बदललं? त्याचे आकडे तर जागचे हलले नव्हते. समिती आतल्या चर्चेबद्दल काही सांगत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

आणि व्लादिस्लाव ट्रेट्याक विसरू नका. सोव्हिएत गोलरक्षक, तीन ऑलिम्पिक सुवर्ण (१९७२, ७६, ८४), दहा जागतिक विजेतेपदं. एनएचएलमध्ये एकही सामना नाही, कारण त्याला जाऊच दिलं नाही. तरी १९८९ ला हॉल ऑफ फेममध्ये.

हाडवैद्य

मारियो लेम्यूचं नाव ओझरतं आलं, थोडं लिहितो. जानेवारी १९९३ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमाचं निदान झालं, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. २ मार्चला सकाळी किरणोपचाराचा शेवटचा डोस घेतला, त्याच दिवशी विमानाने फिलाडेल्फियाला गेला, रात्री सामना खेळला, एक गोल आणि एक असिस्ट. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक पाहुण्यांच्या बाबतीत कठोर म्हणून ओळखले जातात. त्यांनीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. परतला तेव्हा पॅट लाफाँटेन गुणांमध्ये त्याच्या १२ ने पुढे होता. हंगाम संपला तेव्हा लेम्यू १६०, लाफाँटेन १४८. तेही फक्त ६० सामन्यांत.

किरणोपचारानंतर थकवा आठवडेच्या आठवडे राहतो. रुग्ण जिना चढला तरी आम्हाला बरं वाटतं.

पुढे त्याच्या पिट्सबर्ग पेंग्विन्स क्लबचं दिवाळं निघालं तेव्हा क्लबकडे त्याच्या पगाराचे तीन कोटी डॉलरहून जास्त थकले होते. ती थकबाकी त्याने मालकीत बदलून घेतली, १९९९ ला क्लब वाचवला, २००० च्या डिसेंबरमध्ये निवृत्ती सोडून स्वतः पुन्हा खेळायला उतरला. खेळाडू म्हणून दोन चषक, मालक म्हणून तीन.

खडकीवाला

मी आइस हॉकी फार बघत नाही. पण तुमचं सगळं वाचून एक गोष्ट मनाला लागली, ती लिहितो.

तुम्ही १९७० साली कुणी किती गुण केले, १९८७ च्या डिसेंबरमध्ये कोणत्या तारखेला कुणी जर्सी काढून दिली, हे इथे पुण्यात बसून सांगताय. आता माझ्या गावची गोष्ट ऐका. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर शिकलेला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीखाली भारताला आशियाई सुवर्ण, १९६६ नंतर पहिलंच. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने असं सगळीकडे छापून येतं. गोल? १७० च्या आसपास. आसपासच, कारण त्या काळात गोलांची अधिकृत नोंद हॉकी महासंघाने ठेवलेलीच नाही.

एवढा मोठा खेळाडू, १९८९ ते २००४ म्हणजे टीव्हीच्या काळातला, आणि त्याचे गोल 'आसपास'. मग खडकीतून त्याच्या आधी आणि नंतर जे खेळले, कुणी मुंबईत आगाखान कपला, कुणी रेल्वेकडून, कुणी सेनादलाकडून, त्यांचं काय? त्यातले काही जण आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. मी त्यांना ओळखतो. त्यांच्या तोंडून सामने ऐकलेत. कागदावर काहीच नाही.

बर्फवेडा

खडकीवालाकाका, हे वाचून सुन्न झालो. मी ग्रेट्स्कीचं ४६ आणि ८९४ करत बसलो होतो. तो हिशेब तरी करता आला, कारण दोन्ही लीगनी सामन्यागणिक कागद ठेवले होते.

टोरांटोकर

काकांच्या मुद्द्याला जोडून विली ओरीबद्दल लिहितो. नोंद असण्याचा फायदा कुणाला होतो ते यातून कळेल.

१८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टन ब्रुइन्सकडून उतरलेला ओरी हा एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कारकीर्द ४५ सामने, ४ गोल. आकड्यांच्या यादीत तो कुठेच दिसणार नाही. पण त्याची उजव्या डोळ्याची दृष्टी आधीच्या एका अपघातात जवळपास गेलेली होती आणि ते त्याने लपवून ठेवलं होतं. कळलं असतं तर खेळूच दिलं नसतं. डाव्या बाजूने खेळायचा, म्हणजे पास उजवीकडून यायचा, न दिसणाऱ्या बाजूने. त्यासाठी मान पूर्ण उजवीकडे वळवून खेळायला शिकला. वर प्रेक्षकांतून आणि प्रतिस्पर्ध्यांकडून वर्णावरून शिव्या. २०१८ ला हॉल ऑफ फेम, १८ जानेवारी २०२२ ला ब्रुइन्सने त्याचा २२ क्रमांक निवृत्त केला. त्याने हे हयातीत पाहिलं. साठ वर्षांपूर्वीच्या ४५ सामन्यांचा कागद होता, म्हणून त्याच्यापर्यंत परत जाता आलं.

आपल्या वंशाचेही आहेत. रॉबिन बावा, १९८९ ला वॉशिंग्टनकडून पदार्पण, ६१ सामने, एनएचएलमधला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. मग मॅनी मल्होत्रा, वडील पंजाबी. ९९१ सामने, फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक मिळवणं) जिंकण्यात निष्णात. मार्च २०११ मध्ये पक डोळ्यावर बसून गंभीर दुखापत झाली. त्याच जूनमध्ये चषकाच्या अंतिम फेरीत व्हँकूव्हरकडून पूर्ण चेहऱ्याचं कवच घालून परत उतरला. पुढे प्रशिक्षक झाला आणि २०२५ ला ॲबट्सफर्डच्या संघाला काल्डर चषक, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगचा चषक, जिंकून दिला.

लेहचा_वारा

मी सैन्यातून निवृत्त होऊन आता वानवडीत असतो. नोकरीत लेहला बराच काळ होतो. तिथे हिवाळ्यात तळी गोठली की आइस हॉकी सुरू. सुरुवातीच्या काळात जवान बुटांच्या तळाला लोखंडी पाती बसवून खेळत. गोलरक्षक क्रिकेटचे पॅड बांधून उभा राहायचा. लडाख स्काउट्स, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांचे संघ आजही देशातल्या सर्वोत्तम संघांमध्ये आहेत. नैसर्गिक बर्फ मिळतो जेमतेम दोन-अडीच महिने, तेवढ्यात जे शिकायचं ते शिकायचं.

तिथल्या मुलींचं मला विशेष कौतुक. राष्ट्रीय महिला संघ पहिल्यांदा २०१६ ला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ ला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय. २०२५ ला संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकात कांस्य. चाफेकळीताई, तुमच्या मुलीला विकेनहाइजरबरोबर हेही सांगा. त्यातल्या कित्येक मुली दुसऱ्याचे, मापाचे नसलेले स्केट घालून शिकल्यात.

खडकीवालाकाकांचं दुःख मी समजू शकतो. लेहमध्येही जुन्या खेळाडूंबद्दल तेच आहे. कोण कधी खेळलं ते लोकांना आठवतं, लिहिलेलं कमी.

चाफेकळी

मुलीला दोन्ही वाचून दाखवलं. विकेनहाइजर डॉक्टर झाली हे तिला फार आवडलं, आणि न बसणाऱ्या स्केटचं ऐकून बराच वेळ प्रश्न विचारत होती.

काका, मग आपणच का लिहून काढत नाही? इथे पुण्यातले एवढे जण आहोत. मी टंकून द्यायला तयार आहे. मराठी ग्रंथसंग्रहातले जुने अंक चाळायचीही मला सवय आहे.

सांख्यिकी

+१. एक सूचना, सुरुवातीपासून पाळली तर बरं पडेल. सांगणाऱ्याने जे सांगितलं ते वेगळ्या रकान्यात आणि कागदावर सापडलं ते वेगळ्या रकान्यात. दोन्ही जुळलं तर तिसऱ्यात खूण. आठवणीतला आकडा खोटा नसतो, पण दोन स्पर्धा एकमेकींत मिसळतात, साल मागेपुढे होतं. प्रत्येक सामन्यासाठी किमान स्पर्धेचं नाव, साल, गाव, कुणाकडून खेळले, कुणाविरुद्ध, निकाल आणि संघात आणखी कोण होतं. 'आणखी कोण' सर्वात महत्त्वाचं, कारण मग तीच गोष्ट दुसऱ्याला विचारून ताडता येते.

गोल किती हे शेवटी विचारा. आधी विचारलं की माणूस आकड्यात अडकतो. सामना सांगायला लागला की गोल आपोआप येतात.

हाडवैद्य

त्यात दुखापतींचाही रकाना ठेवा, ही माझी विनंती. कधी, कुठला सांधा, काय उपचार, किती दिवसांनी परत उतरले. ऑरच्या ६५७ सामन्यांमागे त्याचा गुडघा आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण त्याला कमी खेळला म्हणत नाही. खडकीत कुणी तीनच वर्षं खेळून थांबला असेल तर का थांबला तेही लिहिलं गेलं पाहिजे. बदली झाली, नोकरी गेली, गुडघा गेला, जे असेल ते.

खडकीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ओळखतो त्या जुन्या खेळाडूंपैकी चौघांशी मी आजच बोलतो. दोघांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोनवर जमणार नाही, घरी जावं लागेल. एकांकडे जुनी कात्रणं आणि संघाचे फोटो पत्र्याच्या पेटीत आहेत हे मला माहीत आहे. फोटोंच्या मागे नावं लिहिलेली आहेत का ते बघतो.

बर्फवेडा

काका, फोटो दोन्ही बाजूंनी काढा, मागे काही लिहिलेलं नसलं तरी. नावं त्यांच्याकडूनच डावीकडून उजवीकडे वदवून घेऊ.

या कामासाठी वेगळा धागा काढतो, इथे ग्रेट्स्की-हाशेक चालू राहू दे. सांख्यिकी, तुम्ही रकान्यांचा तक्ता मला पाठवा, मी नव्या धाग्यात वरच लावतो.

लेहचा_वारा

खडकीत बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. खडकीतले बरेच जण सेनादलाच्या संघांतून खेळले असणार. पलटणी स्पर्धांचे अहवाल आणि चषकांवरची नावं जपून ठेवतात. माझ्या ओळखीने रीतसर अर्ज करून विचारतो, थोडा वेळ लागेल. खडकीवालाकाका, तोवर एक करा: नावं इथे उघड लिहू नका, मला निरोपातून पाठवा, सोबत ते साधारण कोणत्या सालांत आणि कोणत्या पलटणीकडून खेळले तेही. अर्जात साल घातलं की शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. त्यांची स्वतःची परवानगी मिळाली की मग नावासकट नव्या धाग्यावर टाकू.